पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट

माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य



सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. चारचाकी मी स्वतः शिकवते. शिकायला कॉलेजची मुलंमुली येतात, नवी लग्नं झालेल्या सुना येतात, नोकरीला लागलेले तरुण येतात आणि अलीकडे पन्नाशी ओलांडलेल्या बायकाही हौसेने येतात. या सगळ्यांसाठी आणि रस्त्यावर यांच्या समोर येणाऱ्या माणसांसाठी मी आपल्याकडे एक गोष्ट मागते आहे. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला आलेल्या प्रत्येक उमेदवाराला गाडीत बसण्याआधी पंचवीस मीटरवर उभ्या असलेल्या मोटारीची नंबरप्लेट वाचायला लावा. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या डोळ्याने. चष्मा असेल तर चष्मा लावून. वाचता आली तर परीक्षा सुरू करा. नाही आली तर डोळे तपासून, चष्मा करून परत या असं सांगा. आणि ज्याला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, त्याच्या लायसन्सवर तशी नोंद करा.

पंचवीस मीटर हा आकडा मी ठरवलेला नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्यासोबत जोडलेल्या नमुना १ मध्ये तो आहे. चांगल्या उजेडात, पंचवीस मीटरवरून, चष्मा वापरत असाल तर तो लावून, मोटारीची नंबरप्लेट तुम्हाला प्रत्येक डोळ्याने ओळखता येते का, असं तिथे विचारलेलं आहे. त्याच्याच खाली रातांधळेपणाचा प्रश्न आहे. प्रश्न उत्तम आहेत. ज्यांनी ते लिहिले त्यांनी विचार करून लिहिले असणार. अडचण उत्तराची आहे. खासगी गाडी चालवू पाहणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाने हा प्रश्न स्वतःच वाचायचा आणि स्वतःच त्यापुढे ‘होय’ करायचं. तेवढ्यावर त्याच्या डोळ्यांची चौकशी संपते. पंचवीस मीटर म्हणजे नेमकं किती, हे त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे नसतं. बरेचदा तर फॉर्म भरणारा तो नसतोच. सायबर कॅफेतला मुलगा भराभर क्लिक करत पुढे गेलेला असतो.

२०२१ पासून आपल्या राज्यात लर्निंग लायसन्सची परीक्षा घरबसल्या देता येते. हेलपाटे वाचले, एजंटांची गर्दी कमी झाली, त्याबद्दल खरोखर आभार. पण त्यातून एक गोष्ट घडली, ती आपल्या ध्यानात आणून द्यायची आहे. पंधरा प्रश्न, त्यांतले नऊ बरोबर आले की पास. हे प्रश्न आणि त्यातली चिन्हं उमेदवार हातभर अंतरावरच्या पडद्यावर बघतो. ज्याला उणे नंबर आहे, म्हणजे लांबचं दिसत नाही, त्याला हातभर अंतरावरचं झकास दिसतं. ‘पुढे अरुंद पूल आहे’ हे चिन्ह तो पडद्यावर पटकन ओळखतो. तेच चिन्ह रस्त्याच्या कडेला लोखंडी खांबावर असेल, तर त्याला पिवळसर-पांढरा ठिपका दिसतो आणि पुलाजवळ पोचल्यावर त्याचं चित्र होतं.

आणि हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. माझ्या धंद्यात मी वारंवार बघते ते हेच. लांबचं न दिसण्याचा दोष बहुधा शाळकरी वयात सुरू होतो आणि विशीपर्यंत हळूहळू वाढत जातो. एका रात्रीत जग पुसट झालं असतं तर मुलाने आईला येऊन सांगितलं असतं. कणाकणाने पुसट होत गेलेलं जग त्याला तसंच वाटतं. फळ्यावरचं दिसत नव्हतं तेव्हा तो पुढच्या बाकावर सरकला, किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतलं. शाळेत तपासणीला पथक आलं त्या दिवशी तो गैरहजर होता. असा मुलगा अठरा वर्षांचा होतो आणि ‘तुला पंचवीस मीटरवरून दिसतं का’ या प्रश्नाला ‘होय’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला दिसतं त्यालाच तो दिसणं म्हणतो.

मागच्या ऊस हंगामातली गोष्ट सांगते. कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे येत होती. हात चांगला, क्लचवर पाय हलका, गिअर बदलताना गाडीला धक्का बसायचा नाही. पण पुढच्या गाडीच्या फार जवळ जायची. कडेला उभ्या ट्रॉलीपाशी उशिरा ब्रेक मारायची. मोकळ्या रस्त्यावर पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक आला की हमखास गाडी उडायची. अशा वेळी शिकवणारे ‘लक्ष कुठे आहे तुझं’ म्हणतात. तिचं लक्ष रस्त्यावरच होतं, इतकं की कपाळाला आठ्या पडायच्या आणि डोळे बारीक व्हायचे. मी गाडी कारखान्याच्या रस्त्याला कडेला घेतली. समोर एक पांढरी मोटार उभी होती. तिला खाली उतरवलं, टेपने पंचवीस मीटर मोजले आणि नंबर वाच म्हटलं. ती म्हणाली, “ताई, नंबरप्लेट आहे एवढं कळतंय.” मी म्हटलं, वाचता येईपर्यंत पुढे चालत जा. ती चालत गेली ती आठ-दहा मीटरवर थांबली आणि तिथून अक्षरं वाचली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्हाला तिथून दिसतंय?” दोन्ही डोळ्यांना उणे सव्वा नंबर निघाला. फार मोठा नंबर नव्हे. घरात, वर्गात, मोबाइलवर काही अडत नाही असा नंबर. चष्मा लावून ती परत आली, तेव्हा गतिरोधक लांबूनच हेरून गाडी सेकंडला घेऊ लागली. मी नवीन काहीच शिकवलं नव्हतं.

आमच्या भागात डिसेंबरात रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागे एक लागलेल्या असतात. दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर, मागे लाल दिवा असेल तर असेल, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. चांगल्या डोळ्यांच्या माणसालाही ती ट्रॉली उशिरा दिसते. अंधारात बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला धूसरपणा वाढतो. दिवसा ज्याचं जेमतेम भागतं, त्याचं रात्री भागत नाही. त्यात समोरून कुणी अप्पर मारत आला, तर दोन-तीन क्षण काहीच दिसत नाही. नमुना १ मध्ये ‘चांगल्या उजेडात’ असं म्हटलंय. चांगल्या उजेडातली किमान अट पाळलेला माणूसच रात्री थोडा तरी तरतो. दिवसाच नापास असलेला रात्री काय करणार?

आपले निरीक्षक ट्रॅकवर हे पकडत नाहीत का, असं कुणी विचारेल. पकडू शकत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आठचा आकडा काढणं, रिव्हर्समध्ये घेणं, चढावर थांबून पुन्हा गाडी हलवणं, पार्किंग करणं यांतल्या एकाही गोष्टीला पंचवीस मीटरपलीकडचं वाचावं लागत नाही. वेग पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. वेळ दिवसाची. समोरून कुणी येत नाही. ट्रॅक पाठ झालेला असतो, कारण आम्ही स्कूलवाले तो पाठ करून घेतो. पुण्यात भोसरीला संगणकीय ट्रॅक आहे. चाक रेषेला लागलं की तिथली यंत्रणा टिपते. चाकाची एवढी बारीक नोंद होते, मग चाकामागे बसलेल्याच्या डोळ्यांची का होऊ नये?

आणि ट्रॅकवर येण्याआधी तो माझ्यासारखीच्या शेजारी बसून शिकलेला असतो. आमच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच असतो. शिकणाऱ्याला रिक्षा दिसायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेलेला असतो. गाडी थांबते आणि त्याला वाटतं, आपण वेळेत थांबलो. त्याच्या वाट्याचं मीच बघत असते. पक्कं लायसन्स मिळालं की शेजारची मी उतरते आणि डोळे त्याचे एकट्याचे उरतात.

आता वयाचा हिशोब बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून तिशीच्या आत काढलेलं खासगी गाडीचं लायसन्स थेट वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतं. अठराव्या वर्षी ज्याने ‘होय’ वर खूण केली, त्याच्या डोळ्यांबद्दल सरकार पुन्हा विचारणार ते बावीस वर्षांनी. लांबचा नंबर लागतो आणि वाढतो तो कोवळ्या वयात, आणि वैद्यकीय प्रमाणपत्र मागायला आपण सुरुवात करतो चाळिशीला. चाळिशीत जातं ते जवळचं. वर्तमानपत्र लांब धरावं लागतं, स्पीडोमीटरचे आकडे गढूळ होतात, पण रस्ता बहुधा स्वच्छ दिसतो. चाळिशीनंतर तपासणी हवीच, याबद्दल दुमत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याचं होणारं नुकसान ही पुढच्या वयाची दुखणी आहेत, आणि काचबिंदू तर बाजूची नजर खात जातो तरी माणसाला पत्ता लागत नाही. पण म्हणून अठरा ते चाळीस हा काळ बिनतपासणीचा सोडायचा, याला काय आधार? दुचाकीवर वेगाने जाणारे सगळ्यांत जास्त लोक याच वयाचे आहेत.

चाळिशीनंतरच्या प्रमाणपत्राचीही एक अडचण आहे. नमुना १-अ मध्ये डॉक्टरांना विचारलेलं असतं की अर्जदाराला पंचवीस मीटरवरून नंबरप्लेट ओळखता येते का. तालुक्याच्या डॉक्टरांचा दवाखाना दहा बाय बाराचा. पंचवीस मीटर मोजायचे तर पेशंटला चौकात उभं करावं लागेल. काही डॉक्टर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतात, एकेक डोळा झाकायला लावतात. अशा डॉक्टरांकडे मी माझी माणसं आवर्जून पाठवते. काही ठिकाणी मात्र रक्तदाब घेतला, सही-शिक्का झाला आणि माणूस बाहेर, असंही मी बघितलंय. बाहेर दहा पेशंट खोकत बसलेले असताना डॉक्टरांनी किती करावं हाही प्रश्न आहे. म्हणूनच म्हणते, पंचवीस मीटरची मोकळी जागा जिथे आहे तिथे हे काम होऊ दे. ती आपल्या ट्रॅकवर आहे.

या अंतराचं गणित मी एका नेत्रतज्ज्ञांकडून समजून घेतलं, ते इथे मांडते. मोटारीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिलिमीटर उंचीचं असतं. पंचवीस मीटरवरून ते वाचायला डोळ्यांच्या तक्त्यावरची साधारण ६/१० ते ६/१२ इतकी नजर लागते. ६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला बारा मीटरवरून जे वाचता येतं ते आपल्याला सहा मीटरवरून वाचता येणं. तेव्हा ही अट गरुडाच्या नजरेची नाही, अगदी बेताची आहे. मात्र नंबरप्लेट मोटारीचीच हवी. दुचाकीच्या मागच्या पाटीवरचे आकडे ४० मिलिमीटरचे असतात. ते पंचवीस मीटरवरून वाचायचे तर जवळजवळ निर्दोष नजर लागेल आणि विनाकारण लोक नापास होतील.

आता रस्त्यावरचा हिशोब. गाडी ताशी साठ किलोमीटरने चाललीय. समोर काहीतरी दिसलं, मेंदूने ओळखलं आणि पाय ब्रेकवर गेला, याला धरा दीड सेकंद. तेवढ्यात गाडी पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी वीसएक मीटर. ज्याला आठ-दहा मीटरवरच नीट कळतं, त्याने ब्रेक कधी मारायचा?

एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे. काही वर्षांपूर्वी असा नंबर वाचायला लावला असता तर समोरच्या पाटीवर ‘दादा’ नि ‘मामा’ निघाले असते. आता १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे आणि जुन्या गाड्यांनाही ती बसवायची मोहीम आपणच राज्यभर राबवलीत. एकाच मापाची अक्षरं, एकच वळण. मोजमापाचं साधन गाडीवरच बसलेलं आहे. उभी करायला मोटार आणि जमिनीवर मारायला एक रेघ, एवढंच हवं.

आता जरा चष्म्याबद्दल. कारण तपासणीत नंबर निघतो, पण घरी गेल्यावर चष्मा डबीत जातो, हे मी रोज बघते.

पहिली भीती लायसन्सचीच. “ताई, चष्मा असला तर लायसन्स देतात का?” हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. देतात, आणि कायद्यालाच चष्मा मान्य आहे, हे सांगावं लागतं. पण कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की तिथे चष्मा काढून जा, नाहीतर लफडं होईल. मग मुलगा चष्मा खिशात घालून परीक्षेला उभा राहतो. फोटो काढताना काचेवर चकाकी येते म्हणून चष्मा काढायला सांगतात, त्यामुळे कार्डावरचा चेहराही बिनचष्म्याचा. माझ्या स्वतःच्या कार्डावर मला चष्मा लागतो याचा कुठेही उल्लेख नाही. रस्त्यात पोलिसाने हे कार्ड बघितलं, तर मी चष्म्याशिवाय गाडी चालवतेय हे त्याला कळणार कसं? अपघात झाला तर विमा कंपनीला, कोर्टाला कळणार कसं? युरोपात आणि ब्रिटनमध्ये लायसन्सवर ०१ असा एक बारीकसा सांकेतिक आकडा छापतात. त्याचा अर्थ, या माणसाने चष्मा किंवा लेन्स लावूनच चालवायचं. आपल्याकडे रक्तगट छापतात. चष्म्यासाठी एक शब्द छापायला जागा निघेल.

दुसरी भीती लोकांची आहे, आणि ती मुलींना जास्त भोगावी लागते. एकीची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, “हिला गाडी शिकवा, पण चष्मा घालायला लावू नका. रस्त्यावर ओळखीचं कुणीतरी बघतं. सध्या स्थळं बघतोय.” मी तिला सांगितलं की चष्मा नसेल तर मी किल्ली देणार नाही. मुलगी खाली मान घालून उभी होती. तिच्याकडे चष्मा होता, पर्समध्ये, रुमालात गुंडाळून. आठवडाभर ती आली नाही. मग आली ती चष्मा घालूनच, आणि आईने त्याबद्दल पुन्हा कधी काही म्हटलं नाही. मला त्या आईचा राग येत नाही. चष्म्याला व्यंग समजणारी ती एकटी नाही. पण सरकारच्या कागदावर ‘चष्मा आवश्यक’ असं छापून आलं, तर अशा घरांत मुलीच्या बाजूने एक कागद तरी बोलेल. ती म्हणू शकेल की मला घालावाच लागतो, नाहीतर दंड होईल.

तिसरी गोष्ट हेल्मेटची, आणि इथे मात्र लोकांची अडचण खरी आहे. अंगाबरोबरच्या हेल्मेटमध्ये चष्मा घालून डोकं घालायला गेलं की काड्या वाकतात, कानामागे रुततं, आणि माणूस दोहोंतलं एक निवडतो. पोलीस हेल्मेटला अडवतो, चष्म्याला अडवत नाही, म्हणून चष्मा खिशात जातो. आमच्याकडे दुचाकी शिकणाऱ्यांना आम्ही पहिल्याच दिवशी दाखवतो: आधी चष्मा काढा, हेल्मेट घाला, पट्टा लावा, पुढची काच वर करा आणि मग सरळ काड्यांचा चष्मा कानशिलाला घासत आत सरकवा. वाकड्या काडीच्या चष्म्याला हे जमत नाही, म्हणून चष्मेवाल्याला काडी सरळ आणि बारीक मागायची. पावसाळ्यात काचेवर वाफ धरते तेव्हा हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवायची. ओरखडे पडलेली काच रात्री चांगल्या नंबरच्या चष्म्यालाही निकामी करते, ती बदलायची. रस्त्याकडेला ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून पिवळ्या काचांचे चष्मे विकतात, ते घ्यायचे नाहीत. अंधारात आधीच कमी असलेला उजेड रंगीत काच आणखी कमी करते. उन्हात काळे होणारे चष्मे मोटारीच्या आत फारसे काळे होत नाहीत, कारण ज्या किरणांनी ते काळे होतात ते समोरच्या काचेतच अडतात, हेही सांगून ठेवावं लागतं. एवढं सगळं सांगायला पाच मिनिटं लागतात. आपल्या कार्यालयांनी हे एका पानावर छापून लर्निंगबरोबर दिलं, तर कितीतरी चष्मे खिशातून नाकावर येतील.

‘प्रत्येक डोळ्याने’ हे शब्द मी आग्रहाने मागते आहे, त्याला कारण आहे. एका तरुणाला मी उजवा डोळा तळहाताने झाकायला सांगितला. तो थांबला, तळहात काढला, पुन्हा झाकला. “ताई, याने काहीच नीट दिसत नाही.” वीस वर्षं जगला होता, क्रिकेट खेळला होता, आणि डावा डोळा कामाचा नाही हे त्याला त्या दिवशी कळलं. लहानपणापासून आळशी राहिलेला डोळा. सात-आठ वर्षांच्या आत सापडला असता तर उपाय सोपा होता. पुढचं डॉक्टरांनी ठरवलं, ते माझं काम नव्हे. पण दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याने कुठलीही पाटी वाचली असती आणि फॉर्मवर ‘होय’ केलं असतं. रंगांबाबत २०२० साली केंद्राने नियम शिथिल केला. सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना आता लायसन्स मिळू शकतं. ही चांगली गोष्ट झाली. त्यामुळेच तपासणीत पकडले जाऊ म्हणून घाबरायचं कारण बरंचसं गेलं आहे, आणि हे लोकांपर्यंत पोचवायला हवं.

आपली कितीतरी मुलं नोकरीसाठी ब्रिटनला जातात. तिथे पक्क्या परीक्षेची सुरुवातच यापासून होते. परीक्षक उमेदवाराला घेऊन बाहेर येतो, उभ्या असलेल्या एका गाडीकडे बोट दाखवतो आणि नंबर वाचायला सांगतो. नव्या पद्धतीच्या पाट्यांसाठी अंतर २० मीटर. वाचता आला नाही तर परीक्षा तिथेच संपते, गाडी रस्त्यावर जातच नाही. जर्मनीत तर अर्जाबरोबरच डोळे तपासल्याचा कागद जोडावा लागतो आणि तो चष्म्याच्या दुकानातही मिळतो. इथे ‘होय’ वर खूण करून लायसन्स मिळवलेला आपला मुलगा तिथे पहिल्यांदा अंतरावरून पाटी वाचतो.

देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. केंद्राच्या अहवालात नियमभंगाचे तक्ते असतात: वेग, चुकीची बाजू, दारू, मोबाइल, सिग्नल तोडणं. नीट न दिसणं हा रकाना त्यात नाही. यातली किती माणसं कुणाच्या अधू नजरेमुळे गेली, ते म्हणूनच त्या तक्त्यांतून सांगता येत नाही, आणि मीही सांगत नाही. मी एवढंच सांगते की ‘वेग आवरला नाही’ असं ज्याच्या नावापुढे लिहिलं जातं, त्याला समोरचं वेळेत दिसलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

नमुना १ केंद्राचा आहे, तो बदलणं आपल्या हातात नाही, हे मी समजते. कार्डावरच्या नोंदीसाठीही कदाचित आपल्याला दिल्लीला लिहावं लागेल. ते लिहा, ही विनंती. पण परीक्षा आपले मोटार वाहन निरीक्षक घेतात. उमेदवाराने जे स्वतः जाहीर केलं आहे ते करून दाखव म्हणणं हा नवा नियम होत नाही. एका उमेदवाराला एक मिनिट पुरतं. गर्दीच्या दिवशी तेही जड जाईल, हे मान्य. मग हे काम आम्हा स्कूलवाल्यांकडे द्या. शिकवणीच्या पहिल्या दिवशी आम्ही वाचून घेऊ, नोंदवहीत लिहू, आणि निरीक्षकांनी अधूनमधून दोघा-चौघांना पुन्हा वाचायला लावावं म्हणजे आमचंही काम तपासलं जाईल. स्कूलशिवाय थेट येणाऱ्यांसाठी ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांचा कागद चालावा.

गरीब माणूस यात भरडला जाईल का, याचा मी विचार केला आहे. ज्याला वाचता येणार नाही त्याला नापास म्हणू नका. त्याची परीक्षा पुढे ढकला आणि चष्मा करून आल्यावर पुन्हा फी घेऊ नका. साधा चष्मा काही शे रुपयांत होतो. दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात टोलनाक्यांवर ट्रकचालकांची नेत्रतपासणी शिबिरं भरतात. त्यातलं एखादं शिबिर टोलनाक्याऐवजी लर्निंगवाल्यांसाठी ट्रॅकवर भरवा. ट्रकचालकाला निदान प्रमाणपत्र तरी लागतं. या मुलांना कुणीच विचारलेलं नाही.

येत्या अभियानाच्या आधी राज्यातल्या एका तरी ट्रॅकवर हे महिनाभर करून बघा. किती जणांना पहिल्या फटक्यात वाचता आलं नाही, याची मोजदाद ठेवा आणि तो आकडा जाहीर करा. पुढे काय करायचं ते त्या आकड्यावरून आपणच ठरवा. आमच्या जिल्ह्यातला ट्रॅक निवडलात, तर टेप, रंग आणि उभी करायला मोटार मी आणते.



आपली,
सातारा जिल्ह्यातील एक मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षक